काकांचे डोळे

स्टुडिओत तिला सगळे ‘खांब’ म्हणत. हे नाव लाइटवाल्यांनी ठेवलेलं. त्यात चेष्टा होती तसं थोडं कौतुकही होतं, कारण तिच्याइतकं न हलता उभं राहणं दुसऱ्या कुणाला जमत नसे. मुळात ती कपडेपटात इस्त्री करायला लागलेली. एकदा एक नवी नायिका आली, एकोणीस वर्षांची, आईचा हात न सोडणारी. तिची उंची, रंग, खांद्यांची ठेवण इस्त्रीवालीशी तंतोतंत जुळत होती. कॅमेरामनकाकांनी दोघींकडे आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, ती इस्त्री ठेवा खाली आणि इथे उभ्या राहा.”

तेव्हापासून तिचं काम तेच. नायिका आत रंगभूषा करत असताना तिच्या जागी उभं राहायचं, म्हणजे काकांना दिवे लावून पाहता येत. सगळं मनासारखं जुळलं की बाजूला व्हायचं आणि नायिकेने त्या जागेवर यायचं.

“नुसती उभी राहतेस ना दिवसभर? मग दमतेस कशाने?” सासू विचारायची. पाय मात्र रात्रभर ठणकत.

पहिल्याच दिवशी त्या नव्या पोरीची भंबेरी उडाली. चालत येऊन जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर थांबायचं होतं, आणि ती दर वेळी खाली बघे. दिग्दर्शक वैतागला. पोरगी रडकुंडीला आली. तेव्हा खांब तिच्या कानाशी लागली. “खाली बघूच नकोस. चालत राहा. डाव्या गालाला दिव्याचा चटका बसला की थांब. मी दीड तास उभी होते तिथे, मला माहीत आहे.”

पोरगी चालली, आणि बरोबर खुणेवर थांबली. त्या दिवसापासून ती खांबला ताई म्हणू लागली आणि ताईशिवाय काम करीनाशी झाली.

पुढची बारा-तेरा वर्षं लोकांनी त्या पोरीला अक्षरशः डोक्यावर घेतलं. काडेपेटीवर तिचं चित्र, साबणावर तिचं चित्र, न्हाव्याच्या दुकानात आरशापेक्षा मोठं तिचं चित्र. ‘पोरी’ची ‘बाईसाहेब’ झाली. आईने तिला आलेलं एका गुणी ध्वनिमुद्रकाचं मागणं धुडकावून लावलं, कारण लग्न झालेल्या नायिकेला कोण बघतो! भाऊ तिच्या जिवावर बंगला बांधून बसला. ती हसत होती, राबत होती. खांबनेही तिला अहोजाहो करायला सुरुवात केली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं.

उतरणीची चाहूल पहिल्यांदा लागली ती खांबला. वर्तमानपत्रांना नाही, स्टुडिओच्या मालकांनाही नाही. आधी काका वीस मिनिटांत दिवे लावून मोकळे होत. मग चाळीस मिनिटं लागू लागली. मग तास. काका एक दिवा खाली आणत, दुसऱ्यावर जाळी टाकत, भिंगावर रेशमाचा तुकडा ताणून बसवत, मागे जात, पुढे येत, आणि मान हलवत. खांबच्या ध्यानात आलं. दिवे तिच्या चेहऱ्यासाठी बदलत नव्हते. काका बघत होते तिच्याकडे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो दुसरा चेहरा, डोळ्यांखाली पिशव्या आलेला, हनुवटीखाली सैलावलेला. काका एक अक्षर बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

एक दिवस सव्वादोन तास गेले. बाईसाहेब रंगभूषेच्या खोलीतून तणतणत बाहेर आल्या. “ताई, रोज एवढा वेळ लागतो तरी कसला गं?”

खांब गडबडली. खरं सांगणं जिवावर आलं. तोंडाला आलं ते बोलून गेली, “काकांचे डोळे अधू झालेत हो. वयच झालं त्यांचं.”

“असं होय,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

खांबला वाटलं, विषय मिटला. पण बाईसाहेबांनी ते मनात ठेवलं, आणि पुढच्या चित्रपटाच्या वेळी सरळ मालकांच्या कानावर घातलं. मालकांनी काकांना बोलावून घेतलं. आठ दिवसांनी काकांच्या जागी एक तरणा कॅमेरामन आला. त्याने पंचवीस मिनिटांत दिवे लावले, लख्ख, सगळीकडे सारखे. बाईसाहेब खुशीत म्हणाल्या, “बघितलंस? याला म्हणतात नजर!”

तो चित्रपट लागला त्या दिवशी खांब लेकीला घेऊन थिएटरात गेली होती. एका प्रसंगात नायिका म्हणते, “बाबा, मी अजून लहान आहे.” मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. मग अख्खं थिएटर. लेकसुद्धा हसली, आणि आईकडे बघून गप्प झाली.

त्यानंतर बाईसाहेबांना बोलावणं आलं नाही. चित्रपट दुसऱ्यांना मिळू लागले. बंगला भावाच्या नावावर होता. आई गेल्यावर त्याने तो विकला आणि बहिणीची रवानगी दोन खोल्यांच्या जागेत केली. खांब नव्या नायिकेच्या जागी उभी राहू लागली, आणि सुट्टीच्या दिवशी बाईसाहेबांकडे जाऊन बसू लागली. बाईसाहेब एकच म्हणत, “त्या पोराला दिवे कळत नव्हते गं. काका असते तर!” दर वेळी हे ऐकून खांबचं काळीज कुरतडलं जाई.

शेवटी तिला राहवेना. एके दुपारी तिने सगळं सांगून टाकलं. काकांचे डोळे चांगले होते. मीच खोटं बोलले.

बाईसाहेबांनी विचारलं, “तुम्हा दोघांना कधीपासून माहीत होतं?”

“तीन वर्षं.”

“तीन वर्षं,” त्या म्हणाल्या. “आणि मी लाडात येऊन सोळा वर्षांच्या पोरीसारख्या माना वेळावत होते. आणि तुम्ही बघत होतात.” त्या उठल्या, चपला घातल्या. “चल. काका कुठे असतात, दाखव.”

काकांनी स्टेशनजवळ फोटोचं दुकान टाकलं होतं. बाईसाहेबांना दारात बघून ते गडबडून उभे राहिले, स्टूल पुसून पुढे केलं. बाईसाहेब बसल्या नाहीत.

“काका, मालकांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही, की डोळे ठीक आहेत म्हणून?”

काका हातातल्या फडक्याशी चाळा करत राहिले. “मग त्यांनी विचारलं असतं, वेळ कशात जातो. ते काय सांगणार होतो?”

“मला तरी सांगायचं.”

“तुम्ही विचारलं कुठे? मालकांना सांगितलंत.” त्यांचा आवाज चढला नाही, पण तो फडक्याचा हात थांबला. “अठरा चित्रपट केले आपण. एकदा मला विचारायचं होतं, बाईसाहेब. तेवढंच लागलं मनाला.”

बाईसाहेबांनी दोन्ही हात जोडले. काका दुसरीकडे बघू लागले. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून दोघी निघाल्या.

चौकात आल्यावर बाईसाहेब थांबल्या. “ताई, आता येत जाऊ नकोस माझ्याकडे.”

“रागावलात?”

“हो. तू माझ्या भल्यासाठीच बोललीस, तेही कळतं. पण राग जात नाही. त्या माणसाचं अन्न तुटलं, आणि तोडलं मी.” जराशाने त्या म्हणाल्या, “राग जाईल तेव्हा मीच निरोप पाठवीन.”

निरोप आला नाही. बाईसाहेब दूरच्या गावी मावसबहिणीकडे राहायला गेल्याचं कळलं. खांबने दोन पत्रं टाकली. उत्तराची वाट पाहिली, मग वाट पाहणंही कमी झालं.

पाच वर्षांनी एका सकाळी खांब नव्या नायिकेच्या जागी उभी होती. दोन लाइटवाले शिडीवर गप्पा मारत होते.

“ती जुनी नायिका गेली म्हणे परवा. पेपरात आलंय, आतल्या पानावर.”

“कोण रे? ती काडेपेटीवाली? मला वाटलं, कधीच गेली असेल.”

खांब हलली नाही. दिवे लागलेले होते, हलून चालणार नव्हतं. काळ्या कापडाखालून कॅमेरामनचा आवाज आला, “मावशी, घाम पुसा जरा. गालावर चकाकतंय.”

तिने रुमाल काढला, गाल पुसला. तो पुन्हा ओला झाला, तिने पुन्हा पुसला. मग नायिका आली, तशी ती बाजूला झाली आणि भिंतीशी जाऊन बसली. एवढ्या वर्षांत ती कामाच्या वेळी कधी बसली नव्हती. कुणीतरी विचारलं, पाय दुखतात का. ती हो म्हणाली.