मेणावरचा श्वास

मार्गळी महिन्यातलं कोवळं ऊन प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीतून आत येई, तेव्हा रंगूमामा मेणाच्या ठोकळ्यावर झुकून हलकेच श्वास सोडत. त्या उबेनं मेण किंचित सैल होई, मग काप घेण्याच्या यंत्राच्या चाकाची खरखर सुरू होई आणि पात्यावरून एक पारदर्शक फीत उलगडत जाई; तीत नर नाकतोड्याच्या प्रजननाला पूरक अशा स्रावग्रंथींचे काप, केसाहून बारीक, एकामागे एक. कुंचल्याच्या टोकानं ती फीत ते कोमट पाण्यावर ठेवत, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी.

कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे साहाय्यक होते, मी प्राणिशास्त्राचा अध्यापक. दोघेही तंजावरी मराठी घरांतले. चारचौघांत तमिळ, दार लोटलं की घरची भाषा. चारचौघांत मी त्यांचा ‘सार’, म्हणजे सर, एकांतात ‘राजा’.

त्या ग्रंथी पाहायला मी त्यांच्या कापांवरच शिकलो. बाहेर स्नायूंचा झिरझिरीत पदर, आत उभट पेशींची एकच रांग, देवळाच्या ओवरीतल्या खांबांसारखी, आणि मधल्या पोकळीत रंगानं गुलाबी झालेला स्राव. त्या वर्षी मात्र सगळ्या पोकळ्या रित्या निघाल्या. मामांनी सूक्ष्मदर्शकात एकदाच डोकावून पाहिलं आणि हसले.

“हे नवरदेव लग्न उरकून आलेत रे राजा. थैलीत काय राहील आता?”

मला हसू आलं नाही. विभागप्रमुखांनी सर्वांसमक्ष विचारलं तेव्हा मी म्हणालो, “काप बिघडलेत, सार. स्राव धुऊन गेलाय.” मामा शेजारीच उभे होते. बोटांवरचा रंगाचा निळा डाग ते अंगठ्यानं पुसत राहिले. तो जाणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे काचसामान धुण्याचं काम आलं.

दोन आठवड्यांनी माझ्याच वहीत मला खरं कारण सापडलं. पट्टीश्वरमच्या भातशेतांतून आणलेले नर वेगळे न काढता मी दोन दिवस माद्यांबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवले होते, आणि मीलनात त्यांचा स्राव तिथंच संपला होता. मामांचा हात निर्दोष होता. मी नवे नर आणले, या वेळी वेगळे ठेवले, काप दुसऱ्याकडून करून घेतले. पोकळ्या गुलाबी, भरलेल्या निघाल्या. ते पान कोणालाही न दाखवता मी वही मिटली.

ते निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवूनच. त्यांनी काठोकाठ भरलेला कॉफीचा टंबलर माझ्या हाती दिला. एक थेंब सांडला नाही.

“राजा, खरं सांग. माझा हात चुकला होता का?”

“वय झालं होतं, मामा,” मी म्हणालो.

त्यांनी आपली बोटं एकदा उलटसुलट करून पाहिली. “हो की,” म्हणाले, आणि मग, “अय्यो, कॉफी निवते की रे. पी.”

गेल्या मार्गळीत ते गेले. आता तेच यंत्र मी चालवतो, ठोकळ्यावर तसाच श्वास सोडतो, आणि फीत पात्यावरच चुरगळते. ते रिते काप चिकटवलेल्या त्यांच्या जुन्या काचा मात्र मी टाकल्या नाहीत. खिडकीतलं ऊन त्याच जागी आलं की एखादी काढून भिंगाखाली धरतो. जिवंत नराची ग्रंथी थोड्या दिवसांत पुन्हा भरून येते. काचेवरची, त्यांनी जशी कापली तशी, रितीच राहते, आणि इतका काळ तिच्यावरून गेला तरी तीत काहीही साचत नाही.