कुंकू वाळायच्या आत

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तो लोकरीचा नव्हे. आइस हॉकीच्या गोलकीपरचा, डाव्या हाताचा, चांगला सुपाएवढा. बर्फावरून सुसाट येणारी काळी रबरी चकती हवेतच झेलायची, हे माझं काम. त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. आणि नशीब बघा, मला बसवून ठेवलं ते बारमाही उकाड्याच्या एका बेटावर, पुंगोल नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये! इथल्या घरांत ही जाड पोलादी दाराची खोली असते. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे गणपतीचं मखर, जास्तीचे डबे आणि नकोसे झालेले सोबती ठेवतात.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. जाड चामडं, आत फोम, आणि बोटांमध्ये नाडीने विणलेलं जाळं. मला विकत आणलं माझ्या मालकिणीच्या, ऋताच्या बाबांनी, उल्हासरावांनी. ते हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कामाला आणि तरुणपणी पुण्यात विकेटकीपर. मला हातात चढवून ते लेकीला म्हणाले, "अगं, ही तर विकेटकीपिंगच की! फक्त फ्रीजमध्ये उभं राहून करायची."

तेव्हा मी इतका ताठ होतो की मिटता मिटत नव्हतो. रोज संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर उल्हासराव टेनिसचा बॉल फेकायचे आणि शाळकरी ऋता तो माझ्यात झेलायची. मग माझ्या पोटात बॉल कोंबून मला गादीखाली दाबून ठेवायची. असा मी हळूहळू मऊ झालो आणि तिच्या हाताचा झालो.

ऋता म्हणजे पायाला भिंगरी. जेवताना उठायची, अभ्यासात उठायची. पण गोलसमोर उभी राहिली की अशी स्थिर, की बघणाऱ्यांना वाटावं, हिच्या रक्तातच बर्फ आहे. खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. माझ्या आत तिची बोटं क्षणभर थांबत नसत. ती सारखी ताल धरायची, आणि त्या तालावर मीही तयार असायचो. बाहेर घामाच्या धारा, आत बर्फाच्या रिंकवर तोंडातून वाफा, आणि आमची दोघांची एकच तगमग: येऊ दे, येऊ दे!

सामना संपला की तिची आई, प्रणिताताई, नाक धरून मला स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठीला टांगायच्या. "शी! काय वास मारतोय मेला!" असं रोज म्हणायच्या आणि रोज वाळवायच्या. इथल्या दमट हवेत त्यांनीच मला जगवलं.

पुढे युरोपातल्या एका छोट्या गावाच्या संघाने ऋताला पगारी गोलकीपर म्हणून घेतलं. काय दिवस होते ते! बर्फातले लांबलांब बसप्रवास, अनोळखी भाषेत आमच्या नावाचा गजर, माझ्यासोबत फोटो काढायला धडपडणारी मुलं. आणि मग संघात एक नवी, तरुण गोलकीपर आली. ऋता बाकावर गेली. बाकावरच्या गोलकीपरने काय करायचं, माहीत आहे? खेळाडू बर्फावरून परतले की त्यांच्यासाठी दार उघडायचं. एक अख्खा हंगाम ती दार उघडत राहिली. तिची बोटं माझ्या आत गप्प झाली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. हंगाम संपल्यावर संघाने तिला निरोप दिला.

ती परतली, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत नोकरीला लागली. प्रणिताताई मला वाळवायला निघाल्या तर म्हणाली, "राहू दे, आई. आता कशाला?" पोलादी दार लागलं. माझ्या नाडीवर बुरशी चढू लागली. बाहेर जेवणाच्या टेबलावर तिची बोटं ताल धरायची, ते मला आत ऐकू यायचं आणि जीव कासावीस व्हायचा.

माझ्यासाठी ते दार वर्षातून एकदाच उघडायचं, खंडेनवमीला. घरातली हत्यारं आणि अवजारं पूजायचा तो दिवस. प्रणिताताई पाटावर सुरी, कात्री, सगळ्यांचे लॅपटॉप मांडायच्या आणि मधोमध मला. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पूजेतली कात्री एकदा उल्हासरावांनी पाकीट फाडायला उचलली, तर दिवाळीपर्यंत त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

यंदा पूजा नुकतीच आटोपली होती, तोच ऋताचा फोन वाजला. इथल्या तिच्या जुन्या संघाची कप्तान मेइ लिंग स्पीकरवरून ओरडत होती, "आमची कीपर पडली, गुडघा गेला! आज संध्याकाळी मॅच आहे. कम लाह, ये ना ऋता!"

ऋताने माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखला. "कॅनॉट लाह, जमणार नाही," ती म्हणाली. "माझा ग्लव्ह आज पूजेत आहे. उद्यापर्यंत उचलत नाहीत." आणि फोन ठेवला.

प्रणिताताईंनी लेकीकडे निरखून पाहिलं. "माझी पूजा पुढे करतेस होय?"

"तूच म्हणतेस ना आई, रूल इज रूल."

"भीती वाटते, असं म्हण की सरळ."

ऋताचे डोळे भरले. "वाटते. आता माझ्याच्याने एकही शॉट अडला नाही तर? मग काहीच उरणार नाही गं."

प्रणिताताई पाटापाशी बसल्या, चिमूटभर अक्षता माझ्यावर टाकल्या, हात जोडले आणि मला जरासं उत्तरेकडे सरकवलं. ज्या घरात कात्रीसाठी महाभारत झालं होतं, त्या घरात!

"झाली उत्तरपूजा," त्या म्हणाल्या. "याला मी हलवलंय. आता तू ऊठ."

उल्हासराव तर आधीच बॅग ओढत दाराशी पोचले होते.

कुंकू ओलंच होतं; ते ऋताच्या मनगटाला लागलं. संध्याकाळी रिंकवर पहिला शॉट आला तेव्हा तिची बोटं अजून ताल चाचपत होती. दुसऱ्याला त्यांना जुना ताल सापडला. मग आम्ही झेलतच सुटलो! शेवटी एका सणसणीत फटक्याने माझी कुजलेली नाडी तटकन तुटली, जाळं फाटलं आणि चकती गोलरेषेजवळ पडली. ऋताने तिच्यावर अंग झोकून दिलं.

एका गोलने हरलो आम्ही. पण मेइ लिंगने विचारलं, "रविवारी प्रॅक्टिस?" तेव्हा ऋता हेल्मेट काढत म्हणाली, "कॅन."

आता मी बांबूच्या काठीवर, उन्हात आहे. उल्हासरावांनी चष्मा लावून नवी नाडी ओवली आहे. जरा वाकडीच, पण घट्ट. मित्रांनो, आमची पूजा करा, आम्हाला आवडते. पण खरी निगा म्हणजे आम्हाला वाळवणं, शिवणं आणि कामाला जुंपणं. तुमच्याही घरात कुणी असं अंधारात तगमगत असेल, तर दार उघडा. कुंकू लावा, आणि ते वाळायच्या आत हातात घ्या.