दाढी एकीकडे, बाबा दुसरीकडे

बाप पोर सांभाळतो म्हटलं की लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचतात. आई सांभाळते तेव्हा कुणी ढुंकूनही बघत नाही. मी क्रेन चालवते, तेव्हा मात्र बघे पुष्कळ जमतात. ही कधी चुकते याची वाट बघत खाली उभे असतात मेले.

बाळंतपणाची रजा संपली, त्या सकाळी माझी कामावरची पहिली पाळी होती. मुकादमाने आधीच सुनावलं होतं, "नाही आलीस तर खुर्चीवर दुसरा बसेल. क्रेन म्हणजे काय पाळणा आहे?" ठरलं होतं ते असं, की मी कामावर आणि आमची ढब्बू बाबाजवळ, त्याच्या सलूनमध्ये. पोरगी त्याला चिकटलेलीच होती. आंघोळ तो घालायचा, लंगोट तो बदलायचा. झोप आली की ती त्याची दाढी मुठीत धरायची आणि क्षणात विझून जायची.

आणि या शहाण्याने आदल्या संध्याकाळी ती दाढीच उडवली!

का, तर त्याच्या आत्या म्हणाल्या, "लेकराच्या गालाला टोचते रे." दुसऱ्या कुणी दहादा विचार केला असता. न्हाव्याच्या हाताशी वस्तरा, त्याला कसला विचार! गुळगुळीत थोबाड मिरवत तो पुढे आला. ढब्बूने बघितलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला आणि भोंगा सुरू झाला.

"अगं, मी आहे, मी!" तो जवळ जाऊन गयावया करायला लागला. तो आवाजही त्याचा वाटेना. भीक मागतोय जसा. पोरगी माझ्या मानेत तोंड खुपसून बसली.

सकाळी सलूनमध्ये तेच. तो हात पुढे करी, ती किंचाळे. आत्या आरशाखालच्या बाकावर बसून मान हलवत होत्या.

"लेकराला आईच लागते. सोड ते काम."

"दाढी तुम्ही काढायला लावली आणि नोकरी मी सोडू? वा, आत्या!"

"मग आण इकडे, मी घेते." त्यांनी घेतलं, तर ढब्बूने वरची पट्टी लावली. आत्यांनी पार्सल परत करावं तसं तिला माझ्याकडे दिलं.

नवऱ्याने कोपऱ्यातल्या केसांतून एक झुपका उचलला. "हा चिकटवू का गं?"

"कुणाचा आहे?"

"कालच्या गिऱ्हाइकाचा."

"टाक खाली! घाणेरडा कुठला!"

माझी बस चुकायची वेळ आली होती. रडू येत होतं आणि रडले असते तर आत्या जिंकल्या असत्या. तेवढ्यात पेंटर आला. पाट्या रंगवणारा, दांडगा गडी, छातीपर्यंत दाढी. खुर्चीत बसला. ढब्बू गप्प झाली. दाढीकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरून तिकडे झेपावली.

"घे रे बाबा तिला," मी म्हणाले. लाज कसली, माझी खुर्ची जात होती!

तिने दोन्ही मुठींत दाढी पकडली, सुस्कारा सोडला. सापडला बाबा! मग पेंटर बोलला, "आई गं, दुखतंय की!" एवढा मोठा माणूस आणि आवाज शिट्टीसारखा.

ढब्बू दचकली. मुठी सैल झाल्या. ही दाढी अशी कशी बोलते?

"हलू नकोस रे! मागच्या वेळी हललास आणि कल्ला वाकडा झाला, तर गावभर माझ्या नावाने बोंब मारलीस," कात्री उचलत माझा नवरा पेंटरवर खेकसला. गिऱ्हाइकाशी बोलताना गयावया विसरला होता. हा त्याचा नेहमीचा, खरखरीत, कुरकुऱ्या आवाज.

ढब्बूची मान गर्रकन वळली. त्याच्याकडे. पुन्हा दाढीकडे. पुन्हा त्याच्याकडे. दाढी एकीकडे आणि बाबा दुसरीकडे! एवढ्याशा कपाळावर आठी पडली.

"अघं?" तिने विचारलं.

"अघं काय अघं! कामाची वेळ आहे, दिसत नाही?" तो तसाच कुरकुरला.

"अघं!"

"उलटं बोलतेस?"

असा त्यांचा वाद रंगला. शेवटी तो वाकला. तिने हात लावून त्याची हनुवटी चाचपली. इकडून, तिकडून. काहीच नाही. मग त्याच्या गालावर फाडकन एक ठेवून दिली आणि खिदळत त्याच्या अंगावर झेपावली.

"हे बरं झालं," मी म्हणाले. "मीच देणार होते."

आत्या म्हणाल्या, "टोचत नाही म्हणूनच गेली." त्या बाईपुढे मी हात टेकले.

हेल्मेट उचलून दारात गेले, मागे वळून म्हणाले, "येते हं, ढब्बू." पोरगी बाबाचा कान तोंडात घालून चघळत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोडं तरी रडायचं ना, बये! एवढं भांडले मी. पण बस वळणावर दिसली. मग मी जी पळत सुटले!