फळीवर मावेल असं

धाकटीने फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर दोन बोटं टेकवली. रेकॉर्ड थांबली, आणि तिच्याबरोबर खालची थाळीही कुरकुरून थांबली. बोटं उचलल्यावर गाणं रडतखडत पुन्हा वेग धरू लागलं.

"आता हे बघ," म्हणत दादाने तिला शेजारच्या टर्नटेबलसमोर सरकवलं. तिने तिथेही बोटं टेकवली. तेच झालं.

"बोल. पहिलं की दुसरं?"

वाद्यांच्या त्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे दुकानातली बाई वायरी गुंडाळत होती. दादाचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. त्याच्या चष्म्याच्या दुकानात, तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत, तो दिवसातून पन्नासदा हाच प्रश्न विचारायचा. बारा वर्षं धाकटीही त्याच्या हाताखाली तेच विचारत आली होती. पेशंट फारच गोंधळला तर काय करायचं, हेही त्यानेच शिकवलं होतं. तेच भिंग दोनदा लावायचं. माणूस काहीतरी एक निवडतो आणि तपासणी उरकते.

"ही फसवणूक नाही का?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"अगं, फसवणूक कसली? निवडायला मिळालं की माणूस खूश."

आई गेली तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती आणि दादा तेवीसचा. त्याने तिच्या वेण्या घातल्या, तिच्या वह्यांना कव्हरं घातली, आजारपणात उशाशी बसला. बारावीनंतर दोन कॉलेजं समोर ठेवली, दोन्हीकडे चष्म्याचाच कोर्स. राहायला दोन खोल्या दाखवल्या, दोन्ही दुकानाच्या वरच. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्याने तिला, आणि तिला काही त्या तळहातावरून खाली उतरता आलं नाही. रागवायचीही सोय नव्हती. एवढं करणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

दोन वर्षं ती दर रविवारी मैत्रिणीच्या तळघरात डीजेचं काम शिकत होती. पुढचं गाणं बोटांनी धरून ठेवायचं आणि चालू गाण्याच्या ठेक्यावर नेमकं सोडायचं. आता नदीकाठच्या एका नाचाच्या हॉलने तिला दर शनिवारी वाजवायला बोलावलं होतं. अट एकच, सामान स्वतःचं हवं. शनिवारी चष्म्याच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसायची. तळघराला लागून एक खोली रिकामी होती. "ये की राहायला," असं मैत्रीण दोनदा म्हणाली होती आणि दोन्ही वेळा धाकटीने हसून विषय बदलला होता. दादाला तिने फक्त टर्नटेबलचं सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. नाही तो कधीच म्हणायचा नाही. "चल, मी येतो बघायला," एवढंच म्हणाला.

"पहिल्याला झाकण आहे, धूळ बसणार नाही," दादा समजावत होता. "दुसऱ्याची सुई आपोआप उचलली जाते. तुझी हौस होईल. आणि तुझ्या खोलीतल्या फळीवर मावतील अशीच बघितलीत मी." त्याने खिशातून डबीतली मोजपट्टी काढून दाखवली. फळी तो सकाळीच मोजून आला होता.

बाईला राहवलं नाही.

"डीजेचं करायचं असेल तर ही नाही चालायची. ही पट्ट्यावर फिरतात, रेकॉर्ड धरली की मोटरचा जीव जातो. मागे एक आहे, थेट मोटरवर फिरणारं. तशी दोन लागतील." मग ती जरा ओशाळली. "यांनी कालच फोन करून हीच काढून ठेवायला सांगितली होती, म्हणून बोलले नाही."

"दोन कशाला?" दादा हसला. "कान दोन असले तरी माणूस गाणं एकच ऐकतो ना?"

बाई हसली. धाकटी हसली नाही. ती मागच्या टेबलाशी गेली.

बाईने ते चालू करून दिलं. धाकटीने बोटं टेकवली. रेकॉर्ड जागच्या जागी गप्प उभी राहिली आणि खालची थाळी मात्र होती त्याच वेगाने फिरत राहिली. ती कितीतरी वेळ तशीच धरून उभी होती. मग तिने बोटं उचलली आणि गाणं पहिल्याच ठोक्यापासून पुरत्या वेगाने सुरू झालं. तिला एकदम रडू यायला लागलं. ते तिने गिळलं.

दादा मागून आला. त्याने मोजपट्टी लावून पाहिली.

"नाही बसणार. चार बोटं बाहेर येतंय." त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "चल, त्या दोन्हींतलंच सांग. पहिलं की दुसरं?"

बारा वर्षांत, तेच भिंग दोनदा लावल्यावर, एकाच पेशंटने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं. म्हातारी शिंपीण होती ती. ती दुकानातून बाहेर पडल्यावर दादा म्हणाला होता, हिच्या नजरेला काही झालेलं नाही.

"दोन्ही सारखीच आहेत, दादा," धाकटी म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. असं पुसणाऱ्या गिऱ्हाइकांना तो नेहमी टोकायचा.

"पण फळी..."

"त्या फळीवर ठेवायचंच नाहीये."

"मग कुठे?"

तिने सांगितलं. खोली कुठे आहे ते, आणि शनिवारचंही. तिने शेवटपर्यंत सांगितलं. बाई पुन्हा वायरी गुंडाळायला लागली.

दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तिथली जागा मोजलीस?"

"नाही."

"मग? चल, मी येतो मोजायला."

"दे इकडे," तिने हात पुढे केला. "मी मोजेन."

त्याने मोजपट्टीची डबी तिच्या हातावर ठेवली. ती वळून निघाली तशी पट्टी सरसर उलगडत गेली. तिचं टोक अजून दादाच्या चिमटीत होतं.

धाकटी थांबली. तो ते सोडेपर्यंत ती तिथेच उभी राहणार होती.