एका पाळीत एकच

"हे दोघं गेले बळी, अण्णा, आणि हा बघा आला माझा गरुड!"

सूनबाईने माझ्या मांडीवरच्या ट्रेमधून स्वतःचे दोन पत्ते उचलले, बाजूच्या गठ्ठ्यावर टाकले आणि त्यांच्या जागी सात ताऱ्यांचा लोखंडी गरुड थाटात मांडला. लगेच हातातला आणखी एक पत्ता काढून त्याच्या शेजारी ठेवला. कासव होतं.

"आणि हे त्याच्या राखणीला. आता बोला."

मी गप्प बसलो.

मी गप्प बसलो, हे माझ्या ओळखीच्या कुणाला सांगितलंत तर तो तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. चौतीस वर्षं मी वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होतो आणि त्या काळात माझं तोंड फक्त जेवताना बंद असायचं, तेही चावण्यापुरतं. एका दुकानदाराच्या काट्यावर मी स्वतः उभा राहिलो तर माझं वजन अकरा किलो भरलं होतं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, एवढ्या वजनाचा माणूस पंख्याच्या वाऱ्याने उडून जायला हवा. तो म्हणाला, साहेब, म्हणूनच मी पंखा लावत नाही. ही गोष्ट मी सूनबाईला निदान चाळीस वेळा सांगितली असेल. दर वेळी माझं वजन एखाद्या किलोने उतरतं, असं तिचं म्हणणं.

तर असा मी, त्या कासवाकडे बघत गप्प बसलो. कारण ते कासव तिथे बसूच शकत नव्हतं.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाकडे चाळीस पत्ते, पत्त्यांवर तऱ्हेतऱ्हेचे प्राणी. हातातला प्राणी मैदानात उतरवायचा, त्याला हे लोक समन म्हणतात. एका पाळीत एकच समन करायचं. लहान प्राणी तसाच उतरतो. मोठा उतरवायचा तर मैदानात आधीपासून उभे असलेले आपलेच दोन लहान बळी द्यावे लागतात. मैदानातल्या प्राण्याने समोरच्यावर हल्ला करायचा, तर त्याचा पत्ता आडवा करायचा. इथपर्यंत सूनबाईचं सगळं बरोबर होतं. पण तिची समजूत अशी, की दोन बळी देऊन आणलेला मोठा प्राणी त्या 'एका'त धरायचा नाही. एवढे दोन जीव घालवले, मग ते समन वेगळं. म्हणून मोठा आल्यावर वर आणखी एक लहान उतरवायला मोकळीक.

ही समजूत तिची एकटीची नव्हती. ती कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात काम करते. मेणाचे दात बसवायचे, हिरड्यांना रंग द्यायचा, घासून गुळगुळीत करायचं, नऊ ते दोन. तिथे साचे ओतणाऱ्या प्लास्टरवाल्याने हा खेळ आणला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शिकवला. त्याला कुणी शिकवला होता देव जाणे. पांढऱ्या हातांनी खेळून खेळून तिथल्या पत्त्यांच्या कडा खडूसारख्या झाल्यात, पण नियमांचं पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. चौऱ्याऐंशी पानं, आणि अक्षर असं की मुंगीलाही चष्मा लागावा.

ते पुस्तक मी वाचलं. मला दुसरं काम काय? कमरेचं हाड मोडून दोन वर्षं झाली. तिसरा मजला, अठ्ठावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. पलंगावरून खिडकी आणि खिडकीतून समोरची भिंत. त्या भिंतीत किती विटा आहेत ते विचारा, अर्ध्या विटांसकट सांगतो. नोकरीतलं भिंग होतं, ते लावून पुस्तक तीनदा वाचलं. पान एकतीस, तिसरी ओळ: बळी देऊन केलेलं समन हेच त्या पाळीचं एकमेव समन होय.

वाचलं त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण त्याच दिवशी ती नाचत आली. "अण्णा, आपल्या गावातली स्पर्धा आहे. जो जिंकेल त्याला चार दिवस बाहेरगावी, मोठ्या स्पर्धेला! जाणं-येणं, राहणं, सगळं त्यांचं!"

"चार दिवस," मी म्हटलं.

"खालची नर्स येईल ना तुमच्याकडे. मी विचारलं तिला."

"तिचे हात बर्फासारखे आहेत."

"मोजे घालायला सांगते तिला हातात."

सहा वर्षं ती एक रात्र या घराबाहेर राहिली नव्हती. माझा मुलगा बोटीवर. आधी वर्षातून दोनदा यायचा, मग एकदा, मग त्याचा फोन यायचा, मग माझ्या वाढदिवसाला निरोप. कुठल्या तरी बंदरात त्याचं दुसरं घर आहे, त्या घरात पडदे आहेत आणि एक मूलही आहे, हे मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं. आम्ही दोघं त्यावर कधी एक अक्षर बोललो नाही. मग ही बाई माझी सून कुठल्या नात्याने? मला कुशीवर वळवते, नखं कापते, माझ्या थापा ऐकते, ती कशाच्या जोरावर? आयुष्यभर लोकांचे काटे तपासले, पण हे वजन करायला मी धजलो नाही.

आणि म्हणून पान एकतीस माझ्या पोटात राहिलं. रोज दुपारी ती ट्रे मांडायची, गरुड आणायची, शेजारी कासव बसवायची आणि मला हरवायची. मी हरायचो. "अण्णा, तुम्ही मुद्दाम हरता का हो?" असंही एकदा विचारलंन. मी म्हटलं, "म्हातारपणी आणखी काय जमतं?"

स्पर्धेच्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने मला पुसून काढलं, धुतलेला सदरा घातला, औषधांच्या पुड्या ओळीने लावल्या. निघताना दारात थांबली.

"काही सांगायचंय का, अण्णा? पुस्तकातलं वगैरे? तुम्ही वाचलंय ते."

घशाशी आलं होतं. खरंच आलं होतं.

"गरुड लवकर आण," मी म्हटलं. "वाट बघत बसू नकोस."

पायऱ्यांवर तिची पावलं मोजली. अठ्ठावन्न. दहा वाजता खालची नर्स आली, तोवर माझा धीर सुटला होता. मी म्हटलं, "तिला फोन लाव, आत्ताच्या आत्ता."

"आजोबा, फोन काढून घेतात तिथे. एका टोपलीत ठेवतात सगळ्यांचे. म्हणाली होती ती मला." तिने माझी नाडी धरली. हात तसे गरमच होते. "दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग घाम कसला?"

मी तिला सांगितलं की ऐन उन्हाळ्यात एका बर्फवाल्याचा काटा तपासायला गेलो होतो, तो घाम अजून उतरतोय. ती हसली आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

सूनबाई दीड वाजता परत आली. स्पर्धा संध्याकाळपर्यंत होती. तिने चपला काढल्या, नर्सला थँक्यू म्हणून खाली पाठवलं, आणि माझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांच्या दारात नंबर लागायची वाट बघत बसावं, तशी.

"दुसऱ्या फेरीतच बाद झाले," ती म्हणाली. "समोर कॉलेजातली एक मुलगी होती. मी गरुड आणला, कासव ठेवलं. ती म्हणाली, काकू, मोठा आणलात ना, मग झालं की तुमचं. मी म्हटलं, असं कसं? पंचाला बोलावलं. त्याने पुस्तकही उघडलं नाही हो. नुसती मान हलवली आणि कासव माझ्या हातात परत दिलं. पहिल्या फेरीत समोरच्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून वाचले होते. मग गरुड एकटा पडला, आणि सगळंच गेलं. माझे चाळीसच्या चाळीस पत्ते त्या एका समजुतीवर रचलेले."

"अरेरे."

"अण्णा, तुम्ही ते पुस्तक तीनदा वाचलंत."

माझ्याकडे एक गोष्ट तयार होती. भिंगाला तडा, नेमकी ती ओळ तड्याखाली, आणि तो तडा कसा पडला त्याचा एक फर्मास किस्सा. तोंड उघडलं देखील.

"गोष्ट नको," ती म्हणाली. "ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"स्पर्धेची बातमी घेऊन आलीस, त्या दिवसापासून."

"का मग?"

खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"चार दिवसांसाठी गेली असतीस, तर पाचव्या दिवशी परत येशील याची मला खात्री नव्हती."

तिने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

"मलाही नव्हती," ती म्हणाली.

मग उठली. दुपारचं औषध चुकलं होतं, ते दिलं. पाणी पाजताना नेहमीसारखा माझ्या मानेखाली हात घातला, हनुवटीवरचा ओघळ टिपला, मला डाव्या कुशीवर वळवून पाठीशी उशी सारली. हातात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ट्रे भिंतीला टेकून उभा होता, त्याला तिने हात लावला नाही. बाहेरच्या खोलीत गेली आणि दार पुरतं न लावता अर्धवट ओढून घेतलं.

थोड्या वेळाने तिकडून पत्ते पिसल्याचा आवाज आला. जेवणाच्या टेबलावर ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत होती. खुर्ची सरकायची, दोन पावलं, पलीकडची खुर्ची सरकायची. पुन्हा दोन पावलं. पत्ता ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. चाळीस पत्त्यांची जुळणी मोडून नव्याने बसवायची म्हणजे पोरखेळ नाही. मी कुशीवर पडून भिंतीच्या विटा बघत होतो आणि कान तिकडे. दोन पत्ते उचलले गेले. एक जड हाताने मांडला गेला.

"अण्णा," तिने तिकडूनच विचारलं. आवाज सपाट होता. "बळी देऊन मोठा आणला, की त्या पाळीत लहान उतरवायचा नाही. पण हल्ला? हल्ला त्याच पाळीत करता येतो का?"

"येतो," मी म्हटलं. "पान चौतीस."



"नक्की?"

"नक्की."

पानं उलटल्याची सळसळ झाली. ती पुस्तकात बघत होती. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. मग पत्ता आडवा केल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली आणि पावलं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली.