गोरा मास्तर पाहिजे

अमरसिंहदादांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला जेसीबी लागतो, असं घाटनांदूरात सगळेच म्हणतात. म्हणतात अर्थात दादांच्या पाठीमागे. या खेपेला डोक्यात शिरला होता गोरा माणूस.

त्याला निमित्त झालं शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या फ्लेक्सचं. जर्मन भाषेच्या क्लासची जाहिरात होती आणि तिच्यावर निळ्या डोळ्यांचा एक बाबा हात जोडून हसत उभा होता. तो बाबा इंटरनेटवरून उचलला आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दादांना मात्र तो फ्लेक्स फार झोंबला, कारण जर्मनचा क्लास या भागात पहिल्यांदा सुरू केला होता तो दादांनी.

दादांचं परदेशी भाषा केंद्र म्हणजे त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या कॉलेजच्या इमारतीतल्या दोन खोल्या, एक फळा, एक मोठा टीव्ही आणि प्रियदर्शनी. नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआय केलेली मुलं तिथे जर्मन शिकायला यायची. तिकडे दवाखान्यात आणि कारखान्यात माणसं कमी पडतात, पण भाषा आल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. प्रियदर्शनी धारूरची. वडील आश्रुबा मेंढरं राखणारे. हॉस्टेलचं पाण्यासारखं वरण खात ती संभाजीनगरला ही भाषा शिकली, वरच्या परीक्षा पास झाली, आणि आता रोज दोन एसट्या बदलून घाटनांदूरला शिकवायला येत होती. पहिल्या तुकडीतल्या दोन मुली जर्मनीत कामालाही लागल्या होत्या. गावात त्याचं श्रेय दादांच्या दूरदृष्टीला मिळालं, आणि दादांनीही ते मोठ्या मनानं ठेवून घेतलं.

"पोरगी चांगली शिकविती," दादा लोकांना सांगायचे. "पर काय, आपलीच हाय." आपल्या माणसाची किंमत आपल्याकडे अशीच होते. कितीही चांगलं केलं तरी शेवटी तो आपलाच निघतो.

त्या जर्मनीतल्या दोघींनीच क्लाउस नावाच्या माणसाची ओळख करून दिली. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, बायको वारलेली, पोरं लांब, घरात करमत नव्हतं. अकरा महिने भारतात येऊन शिकवायला तो एका पायावर तयार झाला. दादांनी त्याला व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पांढरी दाढी, लाल नाक, भरदार अंग. दादा खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "ह्याला म्हंत्यात मास्तर!"

मग पुण्याच्या वकिलांना फोन लागला. असल्या कामांत मुरलेले गृहस्थ होते. दादांनी फोन स्पीकरवर टाकला. समोर प्रियदर्शनी आणि संस्थेचे क्लार्क बद्रीनाथ बसले होते.

"परदेशी माणूस कामावर ठेवायचा तर आधी करार पाहिजे," वकील म्हणाले. "पगार, राहायची सोय, रजा, सगळं लेखी."

"देऊ की."

"तो आला की सरकारी दप्तरी त्याची नोंदणी. आणि ज्याच्या जागेत तो राहील त्यानं चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं."

"त्याच्या आधी आख्ख्या गावाला कळंल, पोलिसांचं काय घेऊन बसलात?"

"तो परत जाईपर्यंत जबाबदारी तुमची. काही भानगड झाली तर तुम्हाला विचारतील."

"पावण्याला वेशीपस्तोर सोडायची रीतच हाय आमची."

"इंग्रजी शिकवायला आणत असाल तर पगाराची अट फार मोठी आहे, झेपणार नाही. इंग्रजी सोडून दुसरी भाषा असेल तर त्यातून सूट मिळते."

"बघा!" दादा बद्रीनाथांकडे वळून म्हणाले. "सरकारला बी जर्मनच पाहिजे."

"आता शेवटचं," वकिलांनी घसा साफ केला. "या कामाला इथला माणूस उपलब्ध नाही, असं संस्थेला लिहून द्यावं लागेल. आणि नुसतं लिहून भागणार नाही. मी तर सांगेन, रीतसर जाहिरात द्या. करारात जे देणार तेच जाहिरातीत लिहा. अर्ज आले तर मुलाखत घ्या, भाषा जाणणारा तज्ज्ञ बसवा, आणि ज्याला नाकाराल त्याला का नाकारलं तेही लिहा."

"एवढंच ना?" दादांनी फोन ठेवला आणि समोर बघून म्हणाले, "लिही गं प्रियदर्शनी."

संस्थेची इंग्रजी पत्रं तीच लिहायची. बद्रीनाथांचं इंग्रजी 'रिस्पेक्टेड सर'पर्यंत झोकात जायचं आणि तिथेच बसकण मारायचं. तिनं वही पुढे ओढली, पेन उघडलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काय लिहायचं आहे. जर्मन शिकवणारं इथे कुणीही नाही, असं जर्मन शिकवणाऱ्या बाईनं लिहून द्यायचं होतं.

"दादा, क्लाउस आल्यावर मी काय करायचं?"

"तू हायेसच की. त्याला काय पाहिजे नको ते बघायला, बाजारहाट करायला माणूस लागंल. शिकवायचं तेवढं तो शिकवील." दादांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. ते खरोखरच तिला बढती दिल्यासारखे हसत होते, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं.

"उद्या लिहिते," ती म्हणाली आणि एसटीला पळाली.

धारूरला उतरली तेव्हा आश्रुबा मेंढरं वाड्यात कोंडून हातपाय धूत होते. तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला राग आला, मग हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. आश्रुबा टॉवेलनं तोंड पुसत ऐकत राहिले.

"म्हंजी तू हायेस का न्हाईस, ते तुलाच लिहून द्यायचंय?"

"होय आबा."

"मंग रोज एसटीत कोन जातंय?" ते जेवायला तिच्याशेजारी टेकले. "अन् ती जाहिरात म्हन्तीस, तिच्यात लिवलंय का, धारूरच्या पोरींनी अर्ज करू नये म्हनून?"

प्रियदर्शनीनं बापाकडे बघितलं. मग तिनं ताटातली भाकरी इतक्या जोरात मोडली की आश्रुबांनी आपलं ताट सरकवून घेतलं.

जाहिरात तिनं स्वतःच लिहिली आणि मन लावून लिहिली. जर्मन भाषेचा शिक्षक पाहिजे, मानधन इतकं, राहायला स्वतंत्र खोली, वर्षाला महिनाभर भरपगारी रजा. खोली तर दादांनी आधीच तयार ठेवली होती. व्हिसाचा पत्ता नव्हता, पण निळ्या फरशा बसल्या होत्या आणि कमोडही आला होता. जिल्ह्याच्या पेपरात जाहिरात छापून आली आणि मुदतीत बरोबर एक अर्ज आला. तो बद्रीनाथांच्या टेबलावर प्रियदर्शनीनंच आणून ठेवला.

बद्रीनाथांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, ह्याचं उत्तर बी तुमालाच लिवायला लागंल," ते काळजीनं म्हणाले आणि शिक्का मारून मोकळे झाले.

दादांनी तिला बोलावून घेतलं. "ह्यो अर्ज कावून गं? तू तर हायेसच की इथं."

"मी असेन तर नाही असं कसं लिहू, दादा? एक काय ते ठरवा. जाहिरात तुमची, अर्ज माझा. मुलाखत घ्या आणि नापास केलंत तर तसं लिहून देते, माझ्या हातानं."

दादा रागावले नाहीत. राजकारणात मुरलेला माणूस, समोरच्यानं डाव टाकला की त्यांना उलट हुरूप यायचा. "ठरलं. तज्ज्ञ म्हणून क्लाउसलाच बसवू. त्यालाच जागा पाहिजे, तो काय तुला पास करतोय?"

मुलाखतीचा दिवस दादांनी जवळजवळ समारंभच केला. आपला गोरा मास्तर पोरांनी बघावा म्हणून सगळा वर्ग बसवला, फोटोग्राफर बोलावला. पुढच्या बाकावर नर्सिंगवाली स्वप्ना होती आणि सगळ्यात मागे सोमेश्वर. सोमेश्वर वेल्डर. दहावीला इंग्रजीत तो इतक्या वेळा नापास झाला होता की बोर्डाला तो तोंडपाठ झाला असावा. टीव्ही लागला आणि पडद्यावर क्लाउस दिसले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, समोर कॉफीचा मोठा मग होता.

"त्यांना इचार," दादा म्हणाले, "ही बाई मास्तर म्हनून चालंल का?"

प्रियदर्शनीनं स्वतःविषयीचा तो प्रश्न जर्मनमध्ये जसाच्या तसा विचारला. क्लाउसनी चष्मा चढवला. त्यांना मुलाखत म्हणजे मुलाखतच वाटत होती. त्यांनी उतारा वाचायला दिला, अवघड वाक्यं समजावून सांगायला लावली, मध्येच आडवे प्रश्न टाकले. एका ठिकाणी ती अडखळली तसं त्यांनी बोट वर करून तिला दुरुस्त केलं. दादांना भाषा कळत नव्हती, पण ते बोट बरोबर कळलं.

"चुकली ना?"

"चुकले, दादा."

दादांनी फोटोग्राफरकडे बघून मान हलवली. स्वप्नानं ओठ दाताखाली धरला. प्रियदर्शनीनं फळ्याकडे बघितलं. ही खोली, हा फळा, ही मुलं उद्यापासून आपली असणार की आपण फक्त पाव्हण्याची पिशवी धरायची, हे आता ठरणार होतं, आणि तिला हे सगळं किती पाहिजे आहे ते तिला तेव्हाच पुरतं कळलं.

क्लाउसनी चष्मा काढला. "मला एक समजत नाही," ते त्यांच्या भाषेत म्हणाले. "तुमच्या संस्थेनं मला सांगितलं की आता तिथे जर्मन शिकवायला कुणीच नाही. मग तुम्ही कोण?"

प्रियदर्शनीतली आश्रुबाची लेक बोलली, तीही अस्सल जर्मनमध्ये. "तेच शोधते आहे, साहेब. कागदावर मी नाही, पण कंडक्टर रोज माझं तिकीट फाडतो. माझी फक्त एक अडचण आहे. मला इथे आणायला व्हिसा लागत नाही. दादांना ते फारच स्वस्तातलं वाटतं."

आख्खा वर्ग फुटला. स्वप्ना तोंडावर ओढणी धरून वाकली, मागच्या बाकावर सोमेश्वरनं बाकावर थाप मारली, आणि तिकडे क्लाउसच्या मगातली कॉफी टेबलभर झाली. हसण्याचा असा दणका उडाला की व्हरांड्यातून बद्रीनाथ धावत आले.

दादा एकटे सरळ बसले होते. "काय झालं? काय म्हनली ती?" त्यांनी डावीकडे विचारलं, उजवीकडे विचारलं. सगळे अजून हसतच होते. मग दादांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं.

"स्वप्ना, तुला कळलं?"

"हो दादा."

"अन् सोमेश्वर? तुला बी?"

सोमेश्वर डोळे पुसत उभा राहिला. "कळलं की दादा. लई भारी बोलल्या मॅडम."

"म्हंजी ह्या खोलीत मला एकट्यालाच कळलं न्हाई."

तेवढ्यात पडद्यावरून क्लाउस पुन्हा बोलू लागले, टेबल पुसत, हसत. त्यांचं झाल्यावर प्रियदर्शनीनं अर्थ सांगायला तोंड उघडलं, पण दादांनी हात वर केला.

"तुमी थांबा, मॅडम." घाटनांदूरात दादांनी तिला पहिल्यांदाच 'तुमी' म्हटलं होतं. "सोमेश्वर, तू सांग."

सोमेश्वरनं शर्ट खाली ओढला आणि एकेक शब्द जुळवत सांगितलं. "ते म्हंत्यात, बाईंची एक चूक झाली, तसली चूक त्यांच्या गल्लीतली माणसं बी करत्यात. अन् ज्या वर्गाला चेष्टा कळती, त्याला नवा मास्तर कशाला? ते म्हंत्यात, मी हिवाळ्यात पाव्हना म्हनून येतो. पंधरा दिवस. तिखट कमी ठेवा."

दादांनी त्या वेल्डरच्या तोंडाकडे बघितलं. याच पोराच्या बापाला त्यांनी एकदा सांगितलं होतं की ह्याच्या डोक्यात काय शिरणार नाही, याला गॅरेजवर घाल. मग त्यांनी खिशातून फोन काढला, स्पीकर न लावता.

"वकीलसाहेब, माणूस घावला. न्हाई, न्हाई, व्हिसाचं काम थांबवा. करार तोच राहू द्या. पगार तोच, खोली तीच. नाव तेवढं बदला." वकिलांनी तिकडून काहीतरी विचारलं. "परदेशी न्हाई वो, धारूरची हाय. लई दिवसापासून इथंच होती. आमालाच दिसली न्हाई."

हे शेवटचं वाक्य ते वकिलांना म्हणाले, पण बघत होते प्रियदर्शनीकडे. तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

पुढच्या रविवारी आश्रुबा लेकीचं सामान घेऊन आले. निळ्या फरशांवर चपला काढून हळूच फिरले, कमोडचं झाकण उघडून बघितलं आणि घाईनं मिटलं. मग खिडकीशी उभ्या असलेल्या दादांना त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"दादा, ठाण्यात कळवायचं का मंग? चोवीस तासांत सांगावं लागतंय म्हनली पोरगी, हितं मास्तर ऱ्हातोय म्हनून."

"कळवा," दादा म्हणाले. "पर मास्तरीण ऱ्हाती म्हना. अन् आमाला लई उशिरा कळलं, ते बी सांगा."