नर्सचं घड्याळ

ऑक्टोबर हा माझा पत्रांचा महिना. त्या दिवसांत माझी बेल वाजवायची नाही, हे नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. अकरा मुलांची अकरा पत्रं येतात. मी त्यांचं इंग्रजी करते आणि सातासमुद्रापलीकडच्या एका मंडळाला पाठवते. मंडळ म्हणजे इंग्लंडमधल्या एका लहानशा गावातली आठ-नऊ म्हातारी माणसं. घरी केलेले केक आणि मुरंबे विकतात आणि त्यातून इथल्या मुलांना शिकवतात, मूल स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत. यातल्या एकाही मुलाला त्यांनी पाहिलेलं नाही. मुलं त्यांना दिसतात ती माझ्या इंग्रजीतून.

आणि मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. दुसऱ्याचा निबंध सुधारायची सवय निवृत्त झाल्यावर सुटते असं कुणी सांगितलं? मुलंही लिहितात काय, तर ‘मी बरी आहे. तुम्ही कशा आहात? पाऊस चांगला झाला.’ असल्या पत्रासाठी कोण म्हातारी ओव्हनसमोर उभी राहील? म्हणून मी थोडी फोडणी घालायचे. कुणाची परीक्षा अवघड करायचे, कुणाची शाळा दूर न्यायचे. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

उत्कर्षाच्या पत्रात मात्र मी फोडणीवर थांबले नाही.

उत्कर्षा पुण्याजवळच्या मांजरी गावात राहते. वडील, कचरू, वाशिमकडून आलेले, खराडीच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन. दहावीत असताना तिने पत्रात लिहिलं होतं, ‘आमच्या शेजारच्या रसवंतीचं इंजिन बंद पडलं होतं. मी खोललं आणि चालू केलं. मला गॅरेज आवडतं.’ मी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. चांगली हुशार मुलगी, आणि लिहिते काय, तर गॅरेज! मी पेन उचललं आणि लिहिलं की तिची आजी अंथरुणाला खिळली आहे, ही तिची सेवा करते, आणि हिला नर्स व्हायचं आहे. लहानपणी ही बाहुल्यांना फडक्यांच्या पट्ट्या बांधायची, हेही लिहिलं. ते वाक्य तर हातातून आपोआप उतरलं.

मंडळातल्या मार्गारेटबाईंनी त्या पत्रावरून उत्कर्षाला आपली मानली. त्या स्वतः चाळीस वर्षं नर्स होत्या. त्यांची लांबलचक उत्तरं यायची, ती मी उत्कर्षाला मराठीतून वाचून दाखवायचे, म्हणजे तिथेही आपल्याला हवं तेवढंच. “त्यांना तुझं फार कौतुक आहे,” असं म्हणून घडी घालायचे. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

यंदा उत्कर्षा बारावी झाली आणि जूनमध्ये एक पार्सल आलं. मी तिला बोलावून घेतलं आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर पार्सल उघडलेलं. तिच्या एका हातात छातीला लावायचं जुनं, चांदीचं घड्याळ होतं आणि दुसऱ्या हातात पत्र.

“बाई, ही मुलगी कोण आहे?” तिने विचारलं.

“कुठली मुलगी?”

“या पत्रातली. हिची आजी बेडवर आहे, हिला नर्स व्हायचंय. माझी आजी तर अजून कापूस वेचायला जाते.”

“तुला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?”

“यूट्यूबवर गाड्या खोलणारे सगळे इंग्लिशमध्येच बोलतात, बाई.”

चोरी पकडली गेली की मला आधी राग येतो, लाज मागाहून. “तुझ्या भल्यासाठीच केलं,” मी म्हणाले. “ग्रीस लावलेल्या मुलीला परदेशातून कोण मदत करणार?”

“त्यांना विचारलं होतं तुम्ही?”

मी तिच्या हातातलं पत्र घेऊन वाचलं. पत्रात लिहिलं होतं की मंडळाने उत्कर्षाच्या नर्सिंगच्या शिक्षणाला मंजुरी दिली आहे, आणि हे घड्याळ मार्गारेटबाईंनी नोकरीभर वापरलेलं आहे, ते आता तिने वापरावं. गुरुवारी दुपारी त्यांना तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. आणि उत्कर्षाला हवा होता खराडीतला इलेक्ट्रिक गाड्यांच्या दुरुस्तीचा कोर्स. प्रवेश शनिवारपर्यंत. मंडळ पाठीशी नसेल तर कोर्सही नाही आणि तिच्या मनात नसलेलं नर्सिंगही नाही. मग बापासारखं कुठल्यातरी गेटवर, नाहीतर लग्न. हे तिने न रडता सांगितलं, त्यामुळे मला जास्त लागलं.

जाताना ती घड्याळ टेबलावरच ठेवून गेली. “माझं नाही ते,” म्हणाली.

संध्याकाळी कचरूचा फोन आला. मला वाटलं, आता हा भांडणार. तो एवढंच म्हणाला, “बाई, पोरगी इंजनात हात घालते तवाच हसते. बाकी तुमी शिकलेली मान्सं.” त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. मार्गारेटबाई दिसल्या. पांढरे केस, कानात मशीन, आणि इतक्या आनंदात की मला त्यांच्याकडे बघवेना.

“झाली का नर्स व्हायची तयारी?” त्यांनी विचारलं.

उत्कर्षा माझ्याकडे वळली आणि हळूच मराठीत म्हणाली, “बाई, त्यांना सांगा, आधी मला नर्स व्हायचं होतं, आता माझं मन बदललं. तुमचं काही सांगू नका.”

पोरीने मला वाचवायचं ठरवलं होतं. तिचं वाक्य मी फक्त जसंच्या तसं इंग्रजीत करायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं असतं, आणि तेही खोटंच ठरलं असतं.

मी म्हणाले, “मार्गारेटबाई, हिला नर्स व्हायचं कधीच नव्हतं. ते मी लिहिलं. आजीचं आजारपणही मीच लिहिलं.”

त्यांनी कानातलं मशीन नीट केलं. पण त्यांनी ऐकलेलं बरोबर होतं.

“आणि बाहुल्यांच्या पट्ट्या?”

“त्या खऱ्या आहेत.”

“कुणाच्या बाहुल्या?”

“माझ्या,” मी म्हणाले.

मग पन्नास वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. सतराव्या वर्षी मी नर्सिंगचा फॉर्म आणला होता. वडील म्हणाले, आपल्या घरातल्या मुली परक्यांचं मलमूत्र काढत नाहीत. त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल नंतर कधी डुगडुगलं नाही. मी शिक्षिका झाले, आणि चांगली झाले, पण रस्त्यात नर्सचा पांढरा गणवेश दिसला की मी अजून वळून बघते.

“तुम्ही मला तीन वर्षं फसवलंत,” मार्गारेटबाई म्हणाल्या.

“हो.”

“हे मला मंडळाला सांगावं लागेल. उद्या बैठक आहे. काय ठरेल, माहीत नाही.” मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “उत्कर्षा, आता तू बोल. तुला काय आवडतं?”

उत्कर्षा बोलली. रसवंतीचं इंजिन कसं बंद पडलं, ते तिने कसं खोललं, हाताने खुणा करत, अडखळत, मोडकं-तोडकं इंग्रजी. मी जीभ दातांखाली धरून बसले आणि एकदाही मध्ये बोलले नाही. मार्गारेटबाई हळूहळू पुढे वाकत गेल्या आणि शेवटी त्यांचा चेहरा स्क्रीनभर झाला.

शनिवारी सकाळी मेल आला. उत्कर्षाच्या खराडीच्या कोर्सला मंजुरी होती. पुढच्या ओळी माझ्यासाठी होत्या. यापुढे मुलांची मूळ पत्रंही सोबत पाठवावीत, इकडे मराठी वाचणारं कुणीतरी आम्ही शोधू. अपमान होता, आणि तो मी कमावलेला होता, म्हणून निमूट गिळला. अगदी शेवटी मार्गारेटबाईंचं एक वाक्य होतं: ‘घड्याळ, ज्या मुलीला नर्स व्हायचं होतं तिच्याकडेच राहू दे.’

उत्कर्षा प्रवेश घेऊन दुपारी पेढे द्यायला आली. मी तिला मेल दाखवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला, टेबलावरचं घड्याळ उचललं, जरा वेळ त्याच्याशी खुडबुड केली आणि माझ्या साडीला, पदराच्या पिनेजवळ, ते लावून दिलं.

मी खोलीतल्या आरशात पाहिलं. सवय जात नाही. “उलटं लावलंस,” मी म्हणाले.

“आरशात कशाला बघता? मान खाली घाला.”

मी मान खाली घातली. माझ्याकडून काटे अगदी सुलटे दिसत होते. पोरीने घड्याळ इथल्या वेळेला लावून दिलं होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मला रडू आवरेना.